आत्याच्या वर कोण?

"मावशी, मी अकरा ठिकाणी कर्ज मागितलंय," सेइनी म्हणाली, "आणि मला त्यातलं एकही आठवत नाही."

कालोलाइनेने चष्मा कपाळावर सरकवला. मांगेरे या उपनगरातल्या टोंगन चर्चचा जो हॉल आहे, त्याच्या मागे खुर्च्या रचून ठेवायची एक खोली आहे. त्या खोलीत तिचं टेबल होतं आणि टेबलावर पाटी होती: 'कर्ज सल्ला, विनामूल्य'. विनामूल्य असल्यामुळे लोक सल्ला ऐकत, पाळत नसत. त्याआधी कालोने बरीच वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढले होते. माणसं दोन्हीकडे सारखीच. विमा कंपनीत ती जरा बरे कपडे घालून खोटं बोलत, एवढंच.

समोर बसलेली पोरगी मात्र खोटं बोलण्यातली दिसत नव्हती. सेइनी वाइओलेती. नऊ वर्षांपूर्वी टोंगातल्या वावाउ बेटावरून इकडे आली, आता हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. पाठ ताठ, नखं कापलेली.

"नीट सांग."

"बँकेनं काल घराचं कर्ज नाकारलं. क्रेडिट स्कोअर कोसळला म्हणे. का, तर दीड महिन्यात मी अकरा सावकारांकडे अर्ज केले. मावशी, मी आयुष्यात साधं क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही."

"तुझ्या नावावर कुणी पैसे किती उचलले?"

"तीच तर गंमत आहे. एक डॉलरही नाही."

कालोचा चष्मा कपाळावरून आपसूक नाकावर आला. चोर घरात शिरला, अकरा दारं वाजवली आणि रिकाम्या हाताने निघून गेला. विमा कंपनीत असा चोर तिला एकदाही भेटला नव्हता.

"आणि घर कधीपर्यंत घ्यायचंय?"

"शुक्रवार."

घर म्हणजे ज्यात ती भाड्याने राहत होती तेच. घरमालक डग्लस म्हातारा झाला होता आणि लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता. भला माणूस. शुक्रवारपर्यंत त्याने सेइनीला पहिला मान दिला होता. त्यानंतर रांगेत एक बिल्डर उभा होता, आणि मांगेरेत बिल्डर घर विकत घेत नाही, घराखालची जमीन घेतो. सेइनीच्या वडिलांची किडनी निकामी झाली होती. त्यांचं रक्त धुणारं मशीन घराच्या मागच्या खोलीत बसवलेलं होतं. नळ, सांडपाण्याचा पाइप, वेगळी वायरिंग, सगळं डग्लसच्या परवानगीने. घर गेलं तर मशीन गेलं. मशीन गेलं तर एक दिवसाआड शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं. तेही जागा असली तर. आणि जागा नव्हती.

"संशय कुणावर?"

सेइनी म्हणाली, "सेमिसीवर." सेमिसी म्हणजे धाकटा भाऊ. "नवी गाडी घेतलीय त्यानं. कुठून घेतली, देव जाणे."

कालोने अकरांपैकी एका सावकाराला स्पीकरवर फोन लावला. सेइनीने आपलं नाव, जन्मतारीख सांगून परवानगी दिली. पलीकडची मुलगी बोलकी निघाली.

"हो, अर्ज ऑनलाइन आला होता. ओळख म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स दिलंय. हिरवं कार्ड, पूर्ण परवान्याचं. दोनच महिन्यांपूर्वी निघालेलं दिसतंय."

"मग पुढे काय झालं?"

"आम्ही पगाराचा पुरावा मागितला, तर उत्तरच नाही. म्हणून अर्जातल्या नंबरवर फोन केला. उचलला, पण कुणी बोललं नाही. नुसतं मागे काहीतरी वाजत होतं."

"काय वाजत होतं?"

"ट्रक मागे घेताना वाजतो ना, तसं. पण घरातल्या घरात. मग फोन ठेवला. आता तो नंबर बंद आहे."

सेइनी पाणी पीत होती. तिने ग्लास खाली ठेवला. जरा जोरातच ठेवला.

*

बँकेत ग्रॅहम नावाचा अधिकारी होता. इतका नम्र, की त्याने नकार दिल्यावर माणसाने आभार मानून बाहेर पडावं.

"नऊ वर्षं तिनं भाडं दिलंय," कालो म्हणाली. "एकदाही उशीर नाही. ते धरलंत?"

"ते स्कोअरमध्ये येत नाही."

"वीजबिल?"

"ते घरमालकाच्या नावावर आहे."

"नोकरी?"

"नोकरी उत्तम आहे. पण नोकरी म्हणजे उत्पन्न. स्कोअर म्हणजे वर्तन."

"मग वर्तनाचं सांगते. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा दान असतं. भरल्या सभेत कुटुंबाचं नाव घेऊन रक्कम वाचतात. आजतागायत तिचं नाव वाचताना कुणाला खाली बघावं लागलेलं नाही."

ग्रॅहमने विचार केल्यासारखं केलं. "सिस्टीमला ते ऐकू जात नाही."

"तुमचा स्वतःचा स्कोअर काय हो?"

"माझा?" तो लाजला. "चांगला आहे."

"कार्डं किती?"

"चार."

"हप्ता कधी चुकलाय?"

"घटस्फोटाच्या सुमारास, थोडे."

"आणि तुमच्या नावानं असे अकरा अर्ज गेले असते तर?"

"थोडासा हलला असता. माझ्या फाइलीला पंचवीस वर्षांचं वजन आहे. त्यांची फाइल..." त्याने सौम्य शब्द शोधला. "पातळ आहे. पातळ कागद वाऱ्यानं लगेच उडतो."

"म्हणजे जिनं कधी कुणाचं देणं ठेवलं नाही ती भरवशाची नाही, आणि चार ठिकाणी देणं असलेला भरवशाचा."

"मी असं म्हटलेलं नाही."

"तुम्ही कुठे? सिस्टीम म्हणाली. तुम्ही तिच्या शेजारी बसता फक्त."

ग्रॅहम माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. अर्ज दुसऱ्याच कुणी केले असतील तर पोलिसांत तक्रार द्या. अज्ञात इसम लिहिलंत तर चौकशीला महिने लागतील. पण नाव लिहिलंत आणि त्या माणसानं कबूल केलं, तर सावकार अर्ज त्याच दिवशी मागे घेतात. शुक्रवारी दुपारपर्यंत आणा. फाइल मी स्वतः वर नेईन."

कालोने आभार मानले आणि बाहेर पडल्यावर तिला त्याचाच राग आला.

*

सेइनीच्या घरी, मागच्या खोलीत फिलिमोने सर मशीनला जोडलेले होते. डाव्या हातातून दोन नळ्या निघत होत्या, रक्त मशीनमध्ये जाऊन फिरून परत येत होतं. मांडीवर टॅब, टॅबवर रग्बीचा जुना सामना. खुर्चीमागे भिंतीत एक खिळा, आणि खिळ्याला विणलेली पिशवी. सरांच्या डोक्याच्या वर जेमतेम वीतभर.

सर म्हणजे सेइनीचे वडील. वावाउला ते कालोचे गणिताचे मास्तर होते.

"ये पोरी. भागाकार जमायला लागला का?"

"आता लोकांची कर्जं भागवते, सर."

"म्हणजे नाही जमला."

सर हसले, हसताना त्यांचा हात वाकला आणि मशीन ओरडू लागलं. टीं, टीं, टीं. सरांनी उजव्या हाताने बटण दाबून त्याला गप्प केलं.

"नळी दबली की बोंब मारतं. मी वर्गात तुमच्यावर एवढा ओरडलो नव्हतो."

ट्रक मागे घेताना वाजतो तसं. पण घरातल्या घरात. कालोने चेहरा हलू दिला नाही. म्हणजे सावकाराकडच्या मुलीचा फोन या खोलीत उचलला गेला होता.

"मशीन चालू असताना इथं कोण असतं, सर?"

"कोण असणार? सेइनी नळ्या लावते आणि कामावर पळते. सेमिसीला रक्त बघवत नाही, तो गॅरेजमध्ये. वाइंगा येते. तिला सगळं बघवतं."

समोरच्या भिंतीवर वावाउतल्या एका कबरीचा फोटो होता. सरांच्या बायकोची. वाळूचा उंचवटा आणि टोंगन रीतीप्रमाणे त्याच्यावर ताणून बांधलेली रंगीत रजई.

"रजई विटली बघ उन्हानं," सर म्हणाले. "नवी घालायला हवी."

"जाऊन या की एकदा."

"तिकडे मशीन नाही, पोरी." तिकडे बस जात नाही, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

तेवढ्यात दारातून आधी छत्री, मग आवाज आणि मग वाइंगाआत्या आत आली. सरांची थोरली बहीण. टोंगन घरात बहिणीचा मान भावाच्या वर, आणि भावाच्या पोरांना तर आत्या म्हणजे राणी. भावाच्या घरातली वस्तू तिने उचलली तर त्याला चोरी म्हणत नाहीत, भेट म्हणतात. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. वाइंगाआत्याला मिशांची गरज पडली नव्हती. काकामंडळी तशीच घाबरून होती.

तिने भावाच्या डोक्यावरून हात घालून पिशवी काढली, खालपर्यंत उचकली, पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली आणि पिशवी पुन्हा खिळ्याला अडकवली.

"सेइनीचं हिरवं कार्ड आलं तेव्हा मीच यात ठेवलं," ती म्हणाली. "फोटोत पोरगी दरोडेखोर दिसते."

"तिची कागदपत्रं यातच असतात?"

"सगळ्या घराची. याच्यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? बापाच्या डोक्यावरून हात न्यायला पोरांना लहानपणापासून बंदी. पाहुणेही नेत नाहीत. बँकेच्या लॉकरला एवढं कुणी भीत नाही."

"आणि सेइनीला स्वतःला काही लागलं तर?"

"बापाकडे मागते. तो काढून देतो. गाडी तर नाही तिला, रोज कार्ड कशाला लागतंय?"

"आत्या, सेइनीनं घर घ्यावं असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं काय? मी सांगितलंय. चर्चमध्ये उभं राहून सांगितलंय. आईनं विणलेल्या, सोन्यासारख्या जपलेल्या दोन चटया विकून पैसे घातलेत त्यात."

"सर, तुम्ही काय म्हणालात?"

"बहीण बोलल्यावर भाऊ काय बोलणार?" सर टॅबकडे बघत म्हणाले.

"आत्या, राग मानू नका. तुम्हाला सेइनीच्या नावावर पैसे हवे असते तर?"

"मी मागत नसते, बाई. मी घेते. गेल्या ख्रिसमसला इथला टीव्ही नेला. विचार त्याला."

"खरंय," सर म्हणाले. "बातम्या चालू होत्या."

कालो गॅरेजमध्ये गेली. सेमिसी नव्या गाडीला फडकं मारत होता. विमानतळावर सामान चढवायचं काम करणारा धिप्पाड पोरगा.

"गाडी कुठून आणलीस रे?"

"हप्त्यांवर, मावशी. माझ्याच नावावर. माझा स्कोअर ताईपेक्षा चांगला आहे."

"तुझा?"

"तीन कर्जं बुडवता बुडवता फेडली ना. बँकेला अशी माणसं आवडतात. ताई बिचारी रोखीनं जगली, तिला कोण ओळखतंय?" त्याने फडकं पिळलं. "तिला वाटतंय मी केलं. कालपासून माझ्याशी बोलत नाही."

"तू केलंस?"

"तिच्या खोलीच्या दारातसुद्धा मी उभा राहत नाही, मावशी. मोठी बहीण आहे ती."

"बरं. सरांच्या मागची पिशवी घेऊन ये जरा."

सेमिसी आत गेला. कालो दारातून बघत होती. रक्ताकडे न बघता तो खुर्चीजवळ पोचला. हात खांद्यापर्यंत वर गेला, आणि गरम तव्याला लागल्यासारखा परत आला.

"बाबा," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पिशवी द्या ना जरा."

सरांनी मान न वळवता उजवा हात डोक्यावरून मागे नेला आणि पिशवी काढून दिली.

*

सेइनीचा बँकेचा अर्ज ज्याने भरला होता, त्या हेनेलेचा पत्ता शोधावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तोच कालोच्या टेबलापाशी आला. हेनेले रविवारी चर्चचा कारभारी आणि बाकीचे दिवस कर्जाचा दलाल. अर्ध्या मांगेरेची घरं त्याने मिळवून दिली होती आणि उरलेल्या अर्ध्या मांगेरेला त्याच्या हातात पुस्तिका दिसली की रस्ता ओलांडावासा वाटे.

"सेइनीचं ऐकलं. वाईट झालं," तो म्हणाला आणि पुस्तिका पुढे केली. "हे सावकार स्कोअर बघत नाहीत. व्याज थोडं वर आहे."

"थोडं म्हणजे?"

"वर आहे."

"तिचा स्कोअर पडला तर हे कर्ज तू विकणार. तुझी दलाली दुप्पट. माझ्या जागी तू असतास तर पहिला कुणाला धरलं असतंस?"

"मला," हेनेले प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी नाही केलं."

"तिच्या लायसन्सची प्रत तुझ्याकडे आहे?"

त्याने फोनमध्ये शोधून दाखवली. पिवळं कार्ड. कच्च्या परवान्याचं.

"हिरवं कुठाय?"

"हिरवं आलं? पास झाली? मला कुणी सांगितलंच नाही. अभिनंदन सांग." त्याचा आनंद खरा दिसला. मग तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "आणि मीच तर सगळ्यांना बजावलं होतं. सरांच्या घरी, जेवताना. म्हटलं, कर्ज मंजूर होईपर्यंत कुठेही दुसरा अर्ज करू नका. पैसे घ्या न घ्या, नुसतं मागितलं तरी स्कोअर पडतो. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा तर धाडकन पडतो."

"कोण कोण होतं जेवायला?"

"सर, वाइंगाआत्या, सेमिसी, सेइनी. मटण संपेपर्यंत कुणी उठलं नाही."

कालोने पुस्तिका त्याला परत दिली. ताकीद म्हणून सांगितलेली गोष्ट कुणीतरी पाककृतीसारखी लिहून घेतली होती.

त्या दुपारी तिने आणखी एकालाही सल्ला दिला नाही. शाळेत असताना ती एकदा शेजारणीची वही बघून गणित सोडवताना सापडली होती. फिलिमोने सर तेव्हा छडी न मारता एवढंच म्हणाले होते, "दुसऱ्याच्या नावाचं उत्तर आपल्या नावानं लिहायचं नाही." तेव्हापासून तिने लिहिलं नव्हतं.

*

गुरुवारी संध्याकाळी सगळे मागच्या खोलीत जमले. सर खुर्चीत, मशीन चालू. सेइनी पलंगाच्या कडेवर, सेमिसी दारात पाठमोरा. वाइंगाआत्याने अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण आणलं होतं, त्यामुळे हेनेलेही आला होता.

"चोराला पैसे नको होते," कालोने सुरुवात केली. "अकरा वेळा मागितले आणि एकदाही घेतले नाहीत. पगाराचा पुरावा मागितला की गायब. मग त्याला हवं काय होतं? त्याला बँकेचा नकार हवा होता. मागितलं की स्कोअर पडतो, हे त्यानं याच घरात, जेवताना, हेनेलेच्या तोंडून ऐकलं."

"मी चांगल्या हेतूनं..." हेनेले म्हणाला.

"अर्जात हिरव्या कार्डाचे आकडे आहेत. हेनेलेकडे पिवळंच आहे. म्हणून तो सुटला. सावकाराचा फोन उचलला गेला तेव्हा मागे हे मशीन ओरडत होतं. म्हणजे फोन या खोलीत होता. आणि हिरवं कार्ड त्या पिशवीत."

सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. सरांनी नाही.

"पिशवीला हात कोण लावतं? सेमिसीचा हात मी वर जाताना बघितला आणि परत येतानाही. चोरी करणारा माणूस नियम मोडतो, मान्य. पण ज्यानं तो हात अकरा वेळा त्या खिळ्यापर्यंत नेलाय, त्याचा बाराव्या वेळी असा माघारी येत नाही. त्याला सराव नव्हता."

सेमिसीने पहिल्यांदा खोलीत तोंड वळवलं. सेइनीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"राहिल्या आत्या."

"मी?" आत्याचा घास हातात राहिला.

"तुमचा हात बिनधास्त जातो. पण ज्याला उघड घ्यायचा हक्क आहे तो चोरेल कशाला? आणि आईच्या चटया विकून जी घर उभं करते ती ते पाडणार नाही. आता स्वतःच्या डोक्यावरून हात न्यायला ज्याला कुणाची बंदी नाही, असं एकच माणूस उरतं."

मशीन संथ फिरत होतं.

"सर, मला दोन दिवस एक गोष्ट कळत नव्हती. तुम्ही बाप आहात. नुसतं 'घर नको' म्हणाला असतात तर सेइनीनं ऐकलं असतं. मग एवढा खटाटोप कशाला? मग तुमचंच वाक्य आठवलं. बहीण बोलल्यावर भाऊ काय बोलणार? आत्या भर चर्चमध्ये बोलून बसल्या होत्या. तुमची जीभ तिथंच बांधली गेली. आता आत्याच्या वर कोण? वावाउला देव सोडून कुणीच नाही. पण इथं आल्यावर देव आणि आत्या यांच्यामध्ये एक जागा निघाली. तिथं बँक बसते. बँक नाही म्हणाली की आत्यालाही गप्प बसावं लागतं."

सरांनी टॅब बंद केला.

"पास झालीस, पोरी," ते म्हणाले.

"बाबा," सेमिसी म्हणाला.

"तीस वर्षांचं कर्ज घेत होती ती. तीस वर्षं! मी तीस महिने तरी टिकणार आहे का? माणसासाठी नाही, या मशीनसाठी घर घेत होती." सरांनी समोरच्या फोटोकडे पाहिलं. "मला घरी जायचंय."

"घरीच आहेस की," आत्या म्हणाली.

"तिच्या शेजारी जायचंय, वाइंगा."

आत्याने ताट खाली ठेवलं. तिकडे मशीन नाही, हे तिलाही माहीत होतं. तिकडे जाणं म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

सेइनी बापाकडे वळली. आता बोलली तेव्हा तिचा आवाज ऑपरेशन थिएटरमधल्यासारखा सपाट होता.

"मला विचारलं असतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणून विचारायचंच नाही?" तिने हात मांडीखाली दाबून धरले. "ती मुलगी फोनवर ट्रकचा आवाज म्हणाली ना, तेव्हाच मला कळलं होतं. हा आवाज मी झोपेत ओळखते. तरी मी सेमिसीचं नाव धरून बसले. म्हटलं, भाऊ चोर निघाला तर चालेल. घर उभं राहतं. बाप निघाला तर काय उभं राहतं?"

"पोरी..."

"नऊ वर्षं मी कुणाकडे काही मागितलं नाही, बाबा. उसनी साखरसुद्धा नाही. बँकवाल्यांना वाटलं, ही बाई नाहीच, कोरा कागद आहे. तेही सोसलं. आणि तुम्ही त्या कोऱ्या कागदावर माझ्या नावानं अकरा दारी भीक मागितलीत."

सरांनी बंद टॅब मांडीवर उलटा ठेवला.

कालोने घसा साफ केला. पुढचं सांगणं तिला नको होतं, पण सल्ला विनामूल्य होता. "तक्रारीत नाव लिहिलं आणि सरांनी कबूल केलं, तर अर्ज उद्याच मागे घेतले जातील. ग्रॅहम फाइल वर नेईल. घर मिळेल. पोलीस सरांना नेणार नाहीत बहुतेक, सोबत मशीन कोण उचलणार? पण नाव नोंदलं जाईल. कायमचं. नाहीतर गप्प बसा. एक-दोन वर्षांत स्कोअर आपोआप सुधारेल. घर जाईल."

"किंवा तक्रारच न करता," हेनेलेने पुस्तिका काढली, "व्याज थोडं..."

"हेनेले, मटण खा," आत्या म्हणाली. मग तिने भाचीकडे वळून नेहमीच्या आवाजात निकाल दिला. "तक्रार करायची नाही. घरातली गोष्ट घरात. मी सांगतेय."

खोलीत कुणी हललं नाही. आत्या बोलली होती.

सेइनी उठली.

"आत्या, टीव्ही नेलात, नेलात. चटयांचे पैसे परत हवे असतील तर पुढच्या पगारापासून देईन. घरातली कुठलीही वस्तू उचला. पण हे नाव माझं आहे. हे नेता येणार नाही."

ती खुर्चीपाशी गेली. बापाच्या समोर उभी राहिली आणि क्षणभर तिचाही हात खांद्यापाशी थबकला. मग तो वर गेला. सरांच्या पांढऱ्या केसांवरून, विणलेल्या पिशवीपर्यंत. दारात सेमिसीने श्वास आत ओढल्याचा आवाज आला. आत्याने डोळे मिटले.

सरांनी मान खाली घातली. लेकीचा हात पोचावा म्हणून, की आणखी कशाने, ते कालोला कळलं नाही. मान खाली घालताना त्यांचा डावा हात वाकला आणि मशीन ओरडायला लागलं.

सेइनीने पिशवी काखेत मारली. दुसऱ्या हाताने बटण दाबलं, बापाचा हात कोपरात सरळ केला, नळी तपासली. त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

मग तिने हिरवं कार्ड काढून कालोसमोर ठेवलं.

"लिहा, मावशी. कुणी केलं ते, नावासकट."

"मी सही करतो," सर खाली बघतच म्हणाले. आणि मग, "उद्यानंतर काय?"

"उद्यानंतर घर माझं. मशीन इथंच राहील. त्यावर बसायचं की तिकडे जायचं, ते तुम्ही ठरवा." ती दाराकडे निघाली होती. "पण मला विचारून ठरवा. एकदा तरी."

तिच्या मागोमाग सेमिसी गेला, आणि बाहेरच्या खोलीत बँकेच्या नकारानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी काहीतरी बोलली. आत कालो लिहीत होती. सरांनी सवयीने उजवा हात डोक्यावरून मागे नेला.

भिंतीत नुसता खिळा होता.